काळी गाडी, पांढरे ठिपके: प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, रविवार, गुढीपाडवा

सकाळी सहाला उठून गाडी स्वतः धुतली. आरओचं वाया जाणारं पाणी मी दोन वर्षं ड्रममध्ये साठवते. फरशी, बाल्कनी, झाडांच्या कुंड्या धुवायला वापरते. आज तेच गाडीला घातलं. पाणी वाचवल्याचं समाधान, वर सणाचं पुण्य. साडेसातला हळदीकुंकू, हार, चाकाखाली लिंबू. दहाला आईकडे जायला खाली उतरले तर बोनेटवर, टपावर, काचांवर पांढरे गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्याची कड जाड आणि मधला भाग फिकट. अमावास्येला कुणी तांदूळ उधळावेत तसं दिसत होतं.

आईकडे भाऊजी म्हणाले, "काळी गाडी घेतलीत ना, आता भोगा." परतताना पेट्रोल पंपावर थांबलो, तिथल्या दिव्यांखाली दुसरी गोष्ट दिसली. प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं. गाडी सहा वर्षांची आहे. ही जाळी एका दिवसात झालेली नाही.

म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी, ठिपके आणि चरे. दोन्हींची कारणं वेगळी असणार. रसायनशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या बाईने हे अंदाजाने सोडवायचं म्हणजे लाज. वही काढली आहे.

२ एप्रिल, बुधवार

चार बाटल्या घेऊन कॉलेजात गेले: सोसायटीचं पाणी (बोअर आणि टँकर एकाच टाकीत), आरओचं गाळलेलं, आरओचं टाकाऊ, आणि आईच्या घरचं महापालिकेचं. कठीणपणा, म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजायचा होता. प्रॅक्टिकल संपल्यावर पहिल्या वर्षाच्या मुलांच्याच ब्युरेट (थेंब मोजून सोडायच्या नळ्या) वापरल्या. ५० मिली नमुना, अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या दर्शकाची चिमूट, आणि हे क्षार पकडणारं ०.०१ मोलर ईडीटीए. द्राक्षाच्या रसासारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब सोडायचं. या तीव्रतेच्या १ मिली ईडीटीएमागे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरतात, त्यामुळे हिशेब तोंडी होतो.

सोसायटी: २४.६ मिली लागले, म्हणजे कठीणपणा लिटरला ४९२ मिलिग्रॅम. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ९४०.
आईकडचं: ३.९ मिली, म्हणजे ७८. टीडीएस ११८. धरणाचं पाणी.
आरओचं गाळलेलं: टीडीएस ५२, ईडीटीए जेमतेम.
आरओचं टाकाऊ: ३९.२ मिली, म्हणजे ७८४. टीडीएस १४८०.

शेवटचा आकडा लिहिताना स्वतःचंच हसू आलं. आरओ पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, एकीकडून काढून दुसरीकडे ढकलतो. टाकाऊ पाणी म्हणजे तेच क्षार, कमी पाण्यात कोंबलेले. वर्गात मी हे दर वर्षी फळ्यावर काढते. पाडव्याला मात्र तेच पाणी काळ्या गाडीवर ओतून उन्हात वाळवलं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची इष्ट मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. म्हणजे आमचं पाणी माणसाला चालतं. गाडीचा रंग मानकं वाचत नाही.

ड्रमवर खडूने "गाडीला नाही" लिहिलं. फरशीला आणि संडासाला ते उत्तम आहे.

६ एप्रिल, रविवार

ठिपके काढायचा दिवस. पाण्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट वाळताना कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि मागे कार्बोनेट राहतं, म्हणजे चुनखडीच. चुनखडीवर आम्ल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं केलं. आधी गाडी साध्या पाण्याने धुऊन घेतली, कारण ठिपक्यांवर धूळ असताना घासणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग व्हिनेगरमध्ये भिजवलेलं मऊ कापड ठिपक्यावर नुसतं ठेवलं. एक मिनिट, चोळायचं नाही. लगेच भरपूर पाणी.

बोनेटवरचे बहुतेक गेले. टपावरचे निम्मेच. तिथे ऊन जास्त वेळ असतं. बोअरच्या पाण्यात सिलिका आणि सल्फेटही असतात, ते व्हिनेगरला दाद देत नाहीत. दोन-तीन ठिकाणी ठिपका निघाला पण त्याच्या जागी नखाला न लागणारी, तिरक्या उजेडात दिसणारी कड राहिली. तिथे वरच्या पारदर्शक थरालाच खड्डा पडला आहे. ते आता धुण्याने जाणार नाही.

११ वाजता कॉलेजच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने बोनेट मोजलं: ६३ अंश. शेजारची पांढरी गाडी ४५. काळ्या पत्र्यावर थेंबाला वाळायला मिनिटसुद्धा लागत नाही. ठरलं: धुणं सूर्य वर यायच्या आत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्येच.

९ एप्रिल, बुधवार

मामांशी बोलले. सोसायटीतल्या गाड्या पुसणारे. पहाटे पाचला येतात, चाळीसेक गाड्या करतात, एक बादली, एक फडकं. आधी कोरड्या झाडणीने धूळ झटकतात, मग ओलं फडकं फिरवतात. मी जरा आढेवेढे घेतच म्हटलं, "मामा, आपल्या गाडीला कोरडं फडकं लावू नका हो." ते म्हणाले, "ताई, रोज नाही पुसली तर तुमचेच लोक म्हणतात मामा आला नाही." खरं आहे. चाळीस गाड्यांना चाळीस बादल्या पाणी आणायचं कुठून? आणि चकचकीत दिसण्याचे पैसे मिळतात, न ओरखडण्याचे कुणी देत नाही.

महिन्याचे पैसे तेच ठेवले. आमच्या गाडीच्या काचा, वायपर आणि पायपुसण्या रोज करायच्या, बाहेरच्या पत्र्याला हात लावायचा नाही. मामांना हा सौदा विचित्र वाटला, पण "तुमची मर्जी" म्हणाले.

१३ एप्रिल, रविवार

चऱ्यांचा प्रयोग. आपल्या गाडीवर करायची हिंमत नाही. नाक्यावरच्या गॅरेजमधून भंगारातला काळा फेंडर (चाकावरचा पत्रा) आणला. गॅरेजवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त चेहरा बघण्यासारखा केला. त्याच्याकडूनच मशीनने पॉलिश करून घेतला, म्हणजे सुरुवात स्वच्छ.

मास्किंग टेपने चार चौकोन केले. सोसायटीसमोर बांधकाम चालू आहे. तिथून उडून आमच्या खिडकीच्या गजांवर बसलेली धूळ ब्रशने गोळा करून चारही चौकोनांवर चाळणीतून सारखी भुरभुरवली. ही धूळ मऊ नसते. बोटांत चोळली तर कचकच लागते.

एक: कोरडी झाडणी, वीस फेरे.
दोन: ओलं सुती फडकं (जुना बनियन), एकाच बादलीत पिळत, वीस फेरे.
तीन: आधी नळीने धूळ वाहू दिली, मग मायक्रोफायबरचा हातमोजा आणि शाम्पू, एकच बादली.
चार: तिसऱ्यासारखंच, पण दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मोजा शाम्पूत बुडवण्याआधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा.

धुऊन, वाळवून, खोलीत अंधार करून फोनचा टॉर्च धरला. पहिल्या चौकोनात ती पेट्रोल पंपावरची जाळी जशीच्या तशी. दुसऱ्यात चरे कमी, पण लांब आणि खोल. एखादा खडा कापडात अडकून सगळीकडे फिरला असणार, कारण तीन चरे अगदी समांतर गेले होते, बनियनच्या शिवणीइतक्या अंतराने. तिसऱ्यात शोधून पाच-सहा. चौथ्यात मला एकही सापडला नाही. मुलाला बोलावलं, त्याचे डोळे चांगले. त्याला एक सापडला. तोही आधीचा असेल असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

मुलाने विचारलं, चरे गोल का दिसतात, हात तर सरळ फिरवलास. तो प्रश्न मलाही आवडला. चरे गोल नसतातच, सगळीकडे सगळ्या दिशांना असतात. पण ज्या चऱ्यांची दिशा दिव्याच्या उजेडाला आडवी असते तेच उजेड आपल्या डोळ्याकडे परतवतात, बाकीचे लपून राहतात. टॉर्च हलवला की वर्तुळ टॉर्चबरोबर हलतं. त्याने पाच मिनिटं टॉर्च हलवून पाहिला, मग अंधारात सावलीचे ससे करायला लागला.

दुसऱ्या बादलीच्या तळाशी मोजा टेकला की खाली बसलेली रेती पुन्हा वर येते, हेही दिसलं. बाजारात यासाठी जाळी मिळते. मी भाजी निथळायची प्लॅस्टिकची चाळणी बादलीत उपडी ठेवली. अगदी मापात बसली. शेवटी ओतून पाहिलं तर चाळणीखाली बोटभर गाळ.

गॅरेजवाला म्हणत होता, गाडीही आणा, रबिंग-पॉलिश करून नवीन करून देतो. देईल. पण रबिंग म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खरवडून काढणं. तो पारदर्शक थर सगळा मिळून चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाहूनही पातळ. दर पाडव्या-दसऱ्याला खरवडला तर किती पुरेल? आणि धुण्याची पद्धत तीच राहिली तर महिन्याभरात जाळी परत. आधी हात सुधारू, मग पॉलिश.

२० एप्रिल, रविवार

नव्या पद्धतीने पहिलं पूर्ण धुणं. सकाळी साडेपाच, पार्किंगमध्ये.

चाकं आधी, त्यांचा मोजा वेगळा, कारण ब्रेकची काळी भुकटी रंगाला लागता कामा नये. मग न हात लावता नळीने वरून खाली पाच मिनिटं पाणी. फवारणीच्या पंपाने शाम्पूचं पाणी मारून तीन-चार मिनिटं सोडलं. धूळ फुगून ओघळताना दिसते, घाणेरडं पण समाधानकारक दृश्य. मग हातमोजा. टप, काचा, बोनेट, डिकी, दाराचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दाराचा खालचा भाग आणि बंपर, कारण खरी रेती तिथे असते. हात सरळ रेषेत, न दाबता. मोज्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त जोर नाही.

शाम्पूऐवजी भांड्याचं लिक्विड चालतं का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. मळ निघेल, पण रंगावर लावलेलं मेणही निघेल. भांड्याची पावडर तर नकोच, तिचं कामच खरवडणं.

वाळवणं. हा भाग मला सोपा वाटला होता. जाड, दोन हात लांब टॉवेल घेतला होता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडा ३८६ ग्रॅम भरला. गाडी पुसून झाल्यावर ६७२. म्हणजे नळी बंद केल्यावर गाडीवर २८६ मिली पाणी होतं, मोठा पेलाभर. टीडीएस ९४० धरला तर त्यात पाव ग्रॅमहून थोडा जास्त क्षार. वाटाण्याएवढी चुनखडी, पण ती गाडीभर ठिपक्याठिपक्याने वाटून दिलेली.

आणि मी "पुसून" लिहिलं, ती चूकच झाली. टॉवेल ओढत नेला होता. आरशाखाली राहिलेला एक कण त्यात सापडला असणार. डाव्या दारावर नवा चरा, सात सेंटीमीटर. वहीत पट्टीने मोजून लिहिते आहे म्हणजे विसरणार नाही. पुसायचं नाही, टिपायचं. शाईच्या पेनाने लिहायचो तेव्हा डाग पडला की टीपकागद ठेवायचो, ओढायचो नाही. तसं.

२७ एप्रिल, रविवार

आज दोन बदल. शेवटचं पाणी घालताना नळीचं तोंड काढून टाकलं आणि पत्र्याला जवळ धरून संथ धार सोडली. जोराच्या फवाऱ्याने हजार थेंब मागे राहतात. संथ धारेने पाणी पापुद्र्यासारखं एकसंध सरकतं आणि स्वतःबरोबर मागचं घेऊन जातं. टपावरून पुढच्या काचेवर उतरणारा तो पापुद्रा बघत बसावंसं वाटतं. नंतर टॉवेल पसरून ठेवला, वरून तळव्याने थोपटला, उचलला, पुढे ठेवला.

टॉवेलचं वजन: ५१८. वजा ३८६, म्हणजे १३२ मिली. निम्म्याहून कमी.

तरी ठिपके आले. गाडी बाहेर काढून कॉलेजला पोचेपर्यंत आरशांतून, दारांच्या कड्यांतून, नंबरप्लेटमागून आणि पेट्रोलच्या झाकणातून ओघळ आले आणि वाळले. दारावर पांढऱ्या मिशा.

५ मे, सोमवार

भाचीचा बारावीचा निकाल. गाडीला पेढ्यांच्या खोक्याखेरीज काही लागलं नाही. हो, आणि बोनेटवर कावळ्याची विष्ठा. पाण्याने भिजवलेला ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवला, मग उचलला. उन्हात राहिली असती तर रंगात ठसा उमटला असता.

११ मे, रविवार

शेवटचं पाणी बदलायचं ठरवलं. संपूर्ण धुण्याला चांगलं पाणी लागतच नाही. धूळ आणि साबण बोअरच्या पाण्याने गेला तरी चालतो, फक्त वाळणार आहे ते पाणी स्वच्छ हवं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते पाणी आधी आणलं, पण दर आठवड्याला सहा-सात लिटर विकत घ्यायला मन होईना. आरओचं गाळलेलं वापरावं तर प्रत्येक लिटरमागे दीड-दोन लिटर ड्रममध्ये जाणार. गाडीचं कौतुक म्हणून ते मला पटत नाही.

मग एसी. नळीतून गॅलरीत ठिबकतं ते पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेली. टीडीएस मीटर: १४. एप्रिलच्या कोरड्या हवेत रात्रभर जेमतेम लिटर मिळायचं, आता हवा दमट झाल्यावर तीन-चार. दोन रात्रींचं पाणी सुती कापडातून गाळून फवारणीच्या पंपात भरलं, कारण एसीच्या जाळीवरची धूळ त्यात येते. शेवटी साडेसहा लिटर टपापासून खाली फिरवलं. मग टिपलं. चारही दारं आणि डिकी उघडून कडा टिपल्या. आरशांवर आणि दिव्यांच्या फटींवर केसांचा ड्रायर थंड हवेवर फिरवला. सोसायटीभोवती एक चक्कर मारून आले, जे ओघळलं ते पुन्हा टिपलं.

दुपारी बाराच्या उन्हात खाली जाऊन पाहिलं. टपावर काही नाही. बोनेटवर काही नाही. मागच्या काचेखाली दोन ठिपके, ओल्या बोटाने निघाले.

हिशेब पाहा: १४० मिली पाणी राहिलं तरी टीडीएस १४ ने दोन मिलिग्रॅम क्षार. पाडव्याच्या पाण्यात तेवढ्याच पाण्यातून दोनशेहून जास्त.

सिरॅमिक कोटिंगचं (रंगावर चढवायच्या संरक्षक थराचं) लोक विचारतात. चांगलं असेल, मळ कमी चिकटतो. पण त्याने पाण्याचे थेंब अधिक गोल, अधिक उभे राहतात. कठीण पाण्याचा उभा थेंब उन्हात वाळला तर सगळा क्षार एकाच बिंदूत. आमच्या पाण्याला तो उपाय नव्हे.

२१ मे, बुधवार

दोन दिवस वळीव. पावसाचं पाणी मऊ म्हणून मी गाडी मुद्दाम बाहेर ठेवली आणि तोंडावर पडले. पावसाने हवेतली सगळी धूळ गाडीवर आणून ठेवली, प्रत्येक थेंबाच्या जागी मातकट बिंदू. मामा म्हणाले, "ताई, आता तरी फडकं मारू का?" नाही म्हटलं.

मायक्रोफायबर कापडं आज वेगळी धुतली. घरच्या सुती कपड्यांबरोबर टाकली तर तंतू चिकटतात, आणि कपडे मऊ करायचं द्रावण घातलं तर कापड पाणी पिणं बंद करतं. मागच्या आठवड्यात घरात कुणीतरी ते घातलंच होतं. नाव लिहीत नाही, वही तोही वाचतो.

१ जून, रविवार

मान्सून या वर्षी २६ मेलाच मुंबईत आला. इकडेही आठवडाभर पाऊस. गच्चीच्या पन्हाळीचं पहिल्या दिवसाचं पाणी सोडून दिलं, नंतरचं दोन बादल्या धरलं. मीटर: १८. एसी बंद असेल तेव्हा पंपात हे.

चिखलाच्या दिवसांत क्रम तोच, फक्त हात न लावता पाणी घालायचा वेळ दुप्पट. दाराच्या खालच्या भागाला दोनदा शाम्पू.

८ जून, रविवार

नाक्यावरच्या गॅरेजवाल्याकडून बोनेट आणि डाव्या दाराला एकदाच, हलकं पॉलिश करून घेतलं. रबिंग नाही. फेंडरवर तो चार चौकोन बघून गेला होता, त्यामुळे वाद घातला नाही. जुनी जाळी बरीच गेली. सात सेंटीमीटरचा चरा आता चार सेंटीमीटर दिसतो. टपावरच्या तीन खड्ड्यांना हात लावू दिला नाही.

रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली उभी केली. दिव्यांची प्रतिबिंबं बोनेटवर दिव्यांसारखीच दिसत होती.

मामांनी आपली दुसरी बादली आणली आहे. ब विंगमधल्या दोन काळ्या गाड्यांना ते आता आधी नुसतं पाणी घालतात. "खाली जाळी काय ठेवता ते द्या की," म्हणाले. चाळणी मीच स्वयंपाकघरातून उचलली होती आणि सासूबाई जवळपास दोन महिने तिचा शोध घेत आहेत. उद्या बाजारातून तीन आणायच्या: एक मामांना, एक गाडीला, एक धुऊन नवी म्हणून ओट्याखाली.